उजेडाचा बिनतारी चाप



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही कंत्राटी कामगार, बोनस किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी कशावर तरी बोलू. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत, आणि पुढेही बोलणार आहोत. पण यंदा आम्ही विषय कळविला तो असा: ‘हौशी छायाचित्रकाराने स्वस्तातला बिनतारी फ्लॅश-ट्रिगर कसा निवडावा.’ चालकांचा लगेच फोन आला. विषय दुसऱ्या कोणाचा तर चुकून आमच्या नावावर पडला नाही ना, असे त्यांनी विचारले. नाही, तो आमचाच आहे, आणि कामगार चळवळीशी त्याचा संबंध काय, ते आधी सांगितले पाहिजे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी जी लढाई केली, तिला १८९० साली १० जून रोजी यश आले आणि रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या मागणीमागे केवळ दमलेल्या अंगाला विसावा द्यावा, एवढाच विचार नव्हता. सात दिवसांतला एक दिवस माणसाचा स्वतःचा असावा, त्या दिवशी त्याने काय करावे हे मालकाने ठरवू नये, हा त्यातला गाभा होता. आता, त्या दिवशी कोणी भजनाला जाईल, कोणी कुस्तीच्या आखाड्यात जाईल, कोणी नुसता पडून राहील. आणि कोणी कॅमेरा घेऊन मुळा-मुठेच्या काठी जाईल. आमच्या दृष्टीने हे सगळे सारखेच प्रतिष्ठेचे आहे. हौस ही श्रीमंतांची मिरास आहे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

आपल्या खराडीचेच पाहा. ज्यांनी येथे ज्वारीची शेते पाहिली ती माणसे या सभागृहात बसलेली आहेत. आज तेथे काचेचे मनोरे उभे आहेत. त्या मनोऱ्यांत संगणकावर बसणारे आहेत, तसेच त्यांची दारे राखणारे, गाड्या हाकणारे, जेवण पोचविणारे, लिफ्ट दुरुस्त करणारे आहेत. नगर रस्त्याने सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांना जाणाऱ्या बसगाड्यांत आयटीआय झालेली पोरे आहेत. यांतल्या कितीतरी जणांकडे आज एखादा साधा कॅमेरा असतो. बहुधा तो दुसऱ्याने वापरून विकलेला असतो. आमच्या बैठकांना येणाऱ्यांत अशी सात-आठ पोरे आहेत. त्यांच्यामुळेच आम्ही या विद्येच्या नादी लागलो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे आले ते वाचनालयात, नाही तर कोणाच्या तरी हाताखाली. हेही तसेच आले.

याच पोरांपैकी एकाची हकिगत सांगतो. कंत्राटावर काम, पगार दर महिन्याला वेगळा, कारण हजेरी वेगळी. त्याने एका दुकानातून भारी फ्लॅश आणि त्यासोबत बिनतारी ट्रिगर हप्त्याने उचलला. घरी येऊन लावून पाहतो तो फ्लॅश पेटतो, पण उजेडाचे माप काही केल्या बदलत नाही. ट्रिगर दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी बनविलेला होता. दुकानाने परत घेण्यास नकार दिला. हप्ते मात्र आठ महिने चालू राहिले, आणि त्यातले दोन महिने त्याला काम नव्हते. त्याच्या आईने ते खोके कपाटावर ठेवून दिले आहे. ते खोके आम्ही पाहिले, तेव्हाच ठरविले की यावर एकदा चारचौघांत बोलायचे.

आता मुद्द्याला हात घालू.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसविलेला फ्लॅश म्हणजे समोरून तोंडावर मारलेली बॅटरी. चेहरा परातीसारखा सपाट होतो, कपाळावर तेल ओतल्यासारखी चकाकी येते, आणि मागच्या भिंतीवर काळी ठसठशीत सावली उमटते. सरकारी ओळखपत्रावरील आपण सगळे गुन्हेगारासारखे का दिसतो, याचे अर्धे उत्तर येथेच आहे. याउलट, जुन्या घरात खिडकीशी बसून तांदूळ निवडणारी बाई आठवा. उजेड एका बाजूने येतो. नाक, गालाचे हाड, हातावरच्या शिरा, सुरकुत्या, सगळे उठून दिसते. चित्रकारांना हे शतकानुशतके माहीत आहे. छायाचित्रकारालाही बाजूचा उजेड हवा असेल तर त्याने फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून दूर, बाजूला, जरा उंचावर ठेवला पाहिजे. एवढीच गोष्ट आहे. पण फ्लॅश दूर गेला की प्रश्न उभा राहतो: कॅमेऱ्याचे बटन दाबल्याचे त्याला कळवायचे कोणी?

हे कळविणे साधे नाही, कारण वेळ फार थोडा असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत दोन पडद्यांचे शटर असते. पहिला पडदा सरकून चित्राची खिडकी उघडतो, दुसरा मागून येऊन ती झाकतो. सेकंदाचा १/२०० किंवा १/२५० भाग, येथपर्यंत असा एक क्षण येतो की पूर्ण खिडकी उघडी असते. त्याहून जलद गेलात की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो आणि चित्रावरून नुसती एक फट सरकत जाते. फ्लॅशचा लखलखाट साधारण हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही थोडका असतो. तो त्या पूर्ण उघड्या क्षणातच झाला पाहिजे. उशीर झाला तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. स्वस्त ट्रिगर निरोप पोचवायला किंचित वेळ घेतात. म्हणून कॅमेऱ्याच्या पुस्तकात १/२०० लिहिले असले तरी त्यांच्यासोबत १/१६० किंवा १/१२५ वर राहणे शहाणपणाचे. काळा पट्टा दिसला म्हणून ट्रिगर बिघडला असे समजून तो फेकून देणारे आम्ही पाहिले आहेत.

येथे जरा इतिहास सांगण्याचा मोह होतो, आणि तो आम्ही आवरणार नाही. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड पाडण्याची युक्ती निघाली. ती बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या वार्ताहराने वाचली. हा मूळचा डेन्मार्कचा, हलाखी सोसून वर आलेला माणूस. गरिबांच्या चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत दहा-बारा माणसे कशी झोपतात, हे तो लिहून लिहून थकला होता. लोकांचा विश्वास बसत नव्हता. त्याने ती भुकटी नेली आणि तेथे उजेड पाडला. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले आणि सभ्य समाजाला आपल्याच शहराचे तळघर दिसले. पुढे १९०८ पासून लुईस हाइन या शिक्षकाने अमेरिकेतील कापड गिरण्या, खाणी, काच कारखाने हिंडून तेथे राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. बालमजुरीविरोधी समितीसाठी तो हे काम करीत असे. अंधाऱ्या जागी त्याच्याही हाती तीच भुकटी होती. तेव्हा फ्लॅश म्हणजे लग्नात नवरा-नवरीच्या डोळ्यांवर मारायची वस्तू, असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की, तिच्या आरंभीच्या मानकऱ्यांत अशी माणसे आहेत जी अंधारात राबणाऱ्यांकडे उजेड घेऊन गेली.

भुकटीने आगी लागत, हात भाजत. १९३० च्या सुमारास काचेच्या फुग्यातला फ्लॅश आला. एक फुगा, एक फोटो, मग फुगा फेकायचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातले सोहळे असेच फुगे बदलीत टिपले. प्रत्येक फोटोमागे एक फुगा खर्च, म्हणजे चाप दाबण्यापूर्वी किती विचार करावा लागत असेल! त्याच सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन या विद्युत् अभियंत्याने झेनॉन वायूच्या नळीतून पुन्हा पुन्हा लखलखाट करण्याचे तंत्र वाढविले. आजच्या प्रत्येक फ्लॅशच्या पोटात तीच नळी आहे, आणि तिला पोसणारा, सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरला जाणारा कपॅसिटर आहे. हा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेला राहू शकतो. कारखान्यात यंत्राला हात घालण्यापूर्वी वीज तोडा म्हणून आम्ही आयुष्यभर ओरडत आलो. येथे वीज तोडूनही धोका उरतो. म्हणून बिघडलेला फ्लॅश घरी स्क्रू-ड्रायव्हरने उघडू नये. यात शौर्य नाही.

निरोप पोचविण्याची पहिली रीत तारेची. ती अजूनही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची. कॅमेऱ्याच्या अंगावर जे बारीक गोल छिद्र असते त्याला पी.सी. सॉकेट म्हणतात, पुष्कळांना वाटते त्याचा संगणकाशी संबंध आहे. मुळात ती प्रॉन्टॉर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या नावांची आद्याक्षरे होत. साध्या कॅमेऱ्याला हे छिद्र नसते, पण डोक्यावरच्या खाचेत, म्हणजे हॉट-शूमध्ये, बसणारी लांब वायर मिळते. ज्याला घरातल्या घरात, टेबलावर ठेवलेल्या वस्तूंचे किंवा बसलेल्या माणसाचे फोटो काढायचे आहेत, त्याने आधी हीच घ्यावी, असे आमचे मत आहे. दुकानदार हे सुचविणार नाही, कारण त्यात त्याला काही सुटत नाही. वायरचा दोष एकच: माणसे तिच्यात पाय अडकवून स्टँडसकट फ्लॅश पाडतात.

दुसरी रीत उजेडानेच उजेडाला हाक मारण्याची. एक फ्लॅश पेटला की त्याचा लखलखाट पाहून दुसरा पेटतो. पुष्कळ स्वस्त फ्लॅशमध्ये हा डोळा अंगचाच असतो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. खोलीत हे उत्तम चालते. पण उन्हात डोळा दिपतो, आणि मंगल कार्यालयात तर फजितीच होते. भाड्याने आणलेल्या दुसऱ्या छायाचित्रकाराने फ्लॅश मारला की तुमचाही पेटतो, पाहुण्यांनी मारला की पुन्हा पेटतो, आणि तुमच्या फोटोच्या वेळी त्याचा दम संपलेला असतो. आणखी एक खोच अशी की, आजचा कॅमेरा खऱ्या फोटोआधी उजेड मोजण्यासाठी एक छोटा लखलखाट करतो. डोळा त्यालाच फसतो. म्हणून अशा फ्लॅशवर एस-१ आणि एस-२ अशा दोन खुणा असतात. पहिलीत तो पहिल्याच लखलखाटाला उत्तर देतो, दुसरीत मोजणीचा लखलखाट सोडून देतो. ही खूण ठाऊक नसल्यामुळे चांगले फ्लॅश जुन्या बाजारात गेले आहेत.

काही जुन्या कॅमेऱ्यांत अंगचा उघडझाप फ्लॅशच दूरच्या, त्याच कंपनीच्या फ्लॅशला सांकेतिक लखलखाटांनी हुकूम देऊ शकतो. आपला कॅमेरा त्यांपैकी आहे का, हे पुस्तिकेत पाहावे. असल्यास ट्रिगर विकत घेण्याचे कारणच उरत नाही. पण दोघांची एकमेकांवर नजर हवी; खांबाआड हुकूम पोचत नाही.

तिसरी रीत रेडिओची, आणि लोक ‘ट्रिगर’ म्हणतात ते बहुधा याच वस्तूला. कॅमेऱ्यावर एक पेटी बसते, ती निरोप धाडते. फ्लॅशच्या तळाशी दुसरी पेटी असते, ती निरोप घेते. भिंत आड आली तरी चालते, ऊन असले तरी चालते. स्वस्त वस्तूंत दोन जाती आहेत: ४३३ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या आणि २.४ गिगाहर्ट्झवर बोलणाऱ्या. यांतला दुसरा पट्टा आपल्याकडे २००५ सालच्या नियमांनी थोड्या शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना मोकळा झाला. घरातले वाय-फाय त्याच पट्ट्यावर बोलते. आता खराडीच्या एखाद्या सोसायटीत एका जिन्यात किती वाय-फाय असतील याचा विचार करा! म्हणून ट्रिगरवर वाहिनी, म्हणजे चॅनेल, बदलण्याची सोय असते. फ्लॅश मधेच चुकू लागला तर दुकानात धाव घेण्याआधी चॅनेल बदलून पाहावे, आणि दोन्ही पेट्यांवर एकच चॅनेल आहे ना, हेही पाहावे. खोक्यावर ३० मीटर, १०० मीटर असे अंतर छापलेले असते. हौशी माणसाचा फ्लॅश दहा-बारा फुटांवर असतो. शंभर मीटरसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे चंदननगरच्या बाजारात जायला विमानाचे तिकीट काढण्यासारखे आहे.

आता निवडीचा खरा प्रश्न. दुकानदार पहिला शब्द उच्चारील तो ‘टीटीएल’. याचा अर्थ, किती उजेड पाडायचा हे कॅमेरा स्वतः मोजून ठरवितो. दुसरा शब्द ‘हायस्पीड सिंक’. म्हणजे मघाशी सांगितलेल्या १/२०० च्या मर्यादेपलीकडेही फ्लॅश बारीक बारीक लखलखाटांची सरबत्ती करून पूर्ण चित्र उजळतो. मात्र त्यात उजेडाची ताकद बरीच खर्ची पडते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, उपयोगी आहेत. आणि दोन्हींनी किंमत चढते. कॅमेरा कंपनीचा स्वतःचा वरच्या दर्जाचा फ्लॅश घ्यायचा तर चाळीस हजारांच्या पुढची भाषा सुरू होते. कित्येक घरांत तेवढ्यात दोन-तीन महिन्यांचा संसार चालतो.

आमचे म्हणणे असे की, हौशी माणसाला आरंभी हे लागत नाही. ज्याचा फोटो काढायचा तो माणूस खुर्चीवर बसलेला आहे, फ्लॅश स्टँडवर ठेवलेला आहे, अंतर बदलत नाही. मग उजेडाचे माप प्रत्येक वेळी यंत्राकडून का मोजून घ्यायचे? फ्लॅशवर पूर्ण, निम्मा, पाव, अष्टमांश अशा पायऱ्या असतात, कित्येकांत १/१२८ पर्यंत. एक फोटो काढावा, पडद्यावर पाहावा, जास्त झाला तर एक पायरी उतरावे. आमटीत मीठ घालणारी बाई काटा घेऊन बसत नाही. नियम एवढाच ध्यानात ठेवावा की, फ्लॅश दुप्पट दूर नेला की माणसावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, चतुर्थांश होतो. चार फुटांवर जे माप होते ते आठ फुटांवर पाव उरते. हे एकदा हाताला बसले की टीटीएलची आठवणही येत नाही. मात्र ज्याला रविवारी लग्नाची कामे घेऊन चार पैसे जोडायचे आहेत, त्याची गोष्ट वेगळी. वरात चालती असते, अंतर क्षणाक्षणाला बदलते, नवरी दुसऱ्यांदा माळ घालणार नसते. त्याने टीटीएलचे पैसे जरूर घालावेत. ते त्याच्या धंद्याचे हत्यार आहे. पण हौस आणि धंदा यांचा हिशेब एका वहीत करू नये.

साध्या ट्रिगरमध्येही दोन वाटा आहेत. एक, स्वतंत्र धाडणारी पेटी आणि स्वतंत्र घेणारी पेटी. गोडॉक्सचा सीटी-१६ हा ४३३ मेगाहर्ट्झचा संच याच जातीचा. योंगनुओची आरएफ-६०३ ही पेटी तर धाडतेही आणि घेतेही, त्यामुळे जोडीतली कोणतीही कोठेही चालते. अशा संचाने फ्लॅश फक्त पेटतो. त्याचे माप बदलायचे तर उठून फ्लॅशपाशी जावे लागते. एक फ्लॅश असेल तर यात काही बिघडत नाही, चालणे प्रकृतीला चांगले. दुसरी वाट म्हणजे ज्याच्या पोटातच घेणारी पेटी आहे असा फ्लॅश घ्यायचा आणि धाडणारी पेटी तेवढी वेगळी. गोडॉक्सचा टीटी-६००, योंगनुओचा वायएन-५६० याच्या तिसऱ्या-चौथ्या आवृत्त्या या अशा. येथे कॅमेऱ्याजवळ बसूनच माप चढउतार करता येते, त्यासाठी योग्य ती धाडणारी पेटी हवी. घरी फ्लॅश मुळीच नसेल तर ही दुसरी वाट धरावी. सुरुवातीला चार पैसे जास्त पडतात. पण दुसरा फ्लॅश घ्याल तेव्हा नवी पेटी घ्यावी लागत नाही, तिच्या बॅटऱ्या सांभाळाव्या लागत नाहीत, आणि तळाशी डुगडुगणारे एक जोडकाम कमी होते. घरी जुना फ्लॅश पडून असेल तर मात्र पहिली वाट.

येथे एक गोष्ट फार जपावी. या कंपन्यांच्या पेट्या एकमेकींची भाषा समजत नाहीत. गोडॉक्सची पेटी योंगनुओच्या फ्लॅशला पेटवू शकत नाही, आणि त्याउलटही नाही. एवढेच नव्हे, गोडॉक्सच्याच ४३३ च्या जुन्या पेट्या २.४ च्या फ्लॅशशी बोलत नाहीत. दोघांच्या खोक्यांवर ‘१६ चॅनेल’ किंवा ‘३२ चॅनेल’ असे लिहिलेले पाहून फसू नये. पहिली पेटी घेता तेव्हाच तुम्ही एका घराण्यात सोयरीक करीत असता. ते घराणे मोठे आहे का, पुढे त्यात आणखी कोणते दिवे मिळतात, आपल्या ओळखीच्यांकडे तेच आहे का, हे आधी पाहावे. आमचा स्वतःचा कल आजच्या घडीला गोडॉक्सच्या २.४ घराण्याकडे आहे. त्यात लहान फ्लॅशपासून मोठ्या दिव्यांपर्यंत एकच धाडणारी पेटी चालते. आम्हांला कोणाची दलाली नाही. उद्या दुसरे कोणी बरे निघाले तर तसे सांगू.

आणि आपला कॅमेरा! पेटी पाहण्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची खाच पाहा. खाचेच्या मधोमध जो मोठा गोल संपर्कबिंदू असतो, साधा ट्रिगर त्यावरच चालतो. कॅननच्या १५०० डी, ३००० डी आणि २०० डी-मार्क दोन या कॅमेऱ्यांत तो मधला बिंदूच ठेवलेला नाही. आपल्याकडे नवशिका जे कॅमेरे घेतो त्यांतलेच हे. त्यांच्यावर दीड-दोन हजारांचा साधा ट्रिगर बसतो, पण पेटवीत नाही. त्यांना कॅननची भाषा जाणणाराच ट्रिगर लागतो, आणि तोही त्या कॅमेऱ्यावर चालतो अशी खात्री करून घ्यावा लागतो. सोनीचे २०१२ पूर्वीचे अल्फा कॅमेरे घ्या. त्यांची खाच मिनोल्टाच्या घरची, निराळ्याच आकाराची, तीत साधी पेटी शिरतच नाही. कॅमेरा जुना घेणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे. तोच ट्रिगर कॅननसाठी, निकॉनसाठी, सोनीसाठी वेगवेगळा निघतो, आणि खोक्यावर शेवटी एक अक्षर तेवढे बदललेले असते. मघाशी सांगितलेल्या पोराचे आठ हप्ते त्या एका अक्षरात गेले.

जुन्या फ्लॅशविषयीही सांगितले पाहिजे, कारण बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात हिंडण्याची आम्हां पुणेकरांना खोड आहे. रीळ कॅमेऱ्याच्या काळातले भक्कम फ्लॅश तेथे हाती लागतात. त्यांतल्या काहींच्या तळाच्या मधल्या टाचेवर २०० व्होल्टच्या वर दाब असतो. जुन्या कॅमेऱ्याला त्याचे काही वाटत नसे, कारण तेथे धातूचे दोन तुकडे नुसते चिकटत. आजच्या कॅमेऱ्यात त्या जागी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आहे, ते जळू शकते. म्हणून असा फ्लॅश कॅमेऱ्यावर सरळ बसवू नये. फ्लॅश चालू करून मधली टाच आणि कडेची पट्टी यांमधला दाब मल्टीमीटरने मोजावा. आपल्या गल्लीतला कोणताही इलेक्ट्रिशियन हे दोन मिनिटांत करून देईल. रेडिओ पेटीमुळे कॅमेरा वाचतो हे खरे, पण मग पेटीची पाळी येते. तिच्या पुस्तिकेत किती व्होल्ट सोसते ते लिहिलेले असते.

दुकानात जाल तेव्हा कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही बरोबर न्यावेत, आणि घाई करू नये. पेटी खाचेत बसवून हलवून पाहावी. डुगडुगली तर नको. वीस वेळा पेटवून पाहावे, वीसच्या वीस वेळा पेटला पाहिजे. एकोणीस म्हणजे नापास, कारण तो विसावा फोटोच चांगला असतो, असा अनुभव आहे. फ्लॅश दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाआड ठेवून पाहावे. पाच मिनिटे काही न करता थांबावे आणि मग चाप दाबावा. काही पेट्या झोपी जातात आणि पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. बॅटरी कोणती लागते ते पाहावे. साध्या एए किंवा एएए बॅटऱ्या लागणारी पेटी बरी, कारण त्या कोपऱ्यावरच्या टपरीतही मिळतात. काही जुन्या धाटणीच्या धाडणाऱ्या पेट्यांत १२ व्होल्टची बोटाच्या पेराएवढी बॅटरी असते, ती ऐन वेळी मिळत नाही. फ्लॅशसाठी पुन्हा भरता येणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड बॅटऱ्यांचे दोन संच आणि एक बरा चार्जर घ्यावा. हा खर्च लोक टाळतात आणि वर्षभर टाकाऊ बॅटऱ्या विकत घेत बसतात. काम झाल्यावर बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. पावसाळ्यात त्या पाझरल्या की पेटीच्या आतली पितळी पट्टी खाऊन टाकतात. पक्के बिल घ्यावे. पेटी परत घेणार का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाचे काय होते हे कामगारांना आम्ही सांगायला नको.

हप्त्यांविषयी आमचे मत कडक आहे. ज्याचा पगार हजेरीवर आहे त्याने हौसेची वस्तू हप्त्याने घेऊ नये. मग गरिबाने हौस करूच नये काय? करावी, आणि त्यासाठी आपल्याकडे भिशी नावाची जुनी सोय आहे. आमच्या त्या सात-आठ जणांनी तेच केले. दरमहा थोडी थोडी रक्कम, सगळ्यांनी एकाच घराण्याच्या वस्तू घ्यायच्या असा ठराव, आणि पहिली धाडणारी पेटी व पहिला फ्लॅश सामाईक. त्या ठरावावर दीड तास भांडण झाले. आम्ही वेतनकरारांच्या वाटाघाटी केल्या आहेत, पण असे भांडण पाहिले नव्हते. कोणी म्हणे कॅनन, कोणी म्हणे निकॉन. शेवटी असे ठरले की, धाडणारी पेटी ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्याप्रमाणे, घेणारे फ्लॅश मात्र सगळ्यांचे एकाच जातीचे. त्यामुळे आज यांच्याकडे मिळून चार फ्लॅश आहेत, आणि कोणीही ते नेऊ शकतो. एकट्याने चार घ्यायचे म्हटले असते तर जन्म गेला असता. एक वही आहे, तीत नेल्याची तारीख आणि परत आणल्याची तारीख लिहितात. बॅटऱ्या भरून परत करायच्या, हा एकच नियम वारंवार मोडला जातो.

या फ्लॅशचे त्यांनी केले काय, हे विचाराल. गेल्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या भागातल्या निवृत्त कामगारांचे फोटो काढायला सुरुवात केली. त्यात बंद पडलेल्या एका कारखान्याचे जुने पहारेकरी होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या घरात त्यांचा एकमेव फोटो म्हणजे कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा, त्यावर अर्धा शिक्का. पोरांनी त्यांना दारात खुर्चीवर बसविले. एक फ्लॅश डावीकडे, पांढऱ्या छत्रीतून, पाव मापावर. दुसऱ्या बाजूला फ्लॅश नाही, नुसता पांढरा पुठ्ठा धरलेला, सावली थोडी उजळावी म्हणून. छत्री आणि पुठ्ठा मिळून खर्च काहीशे रुपये. फोटो मोठा करून दिला तेव्हा त्यांच्या सुनेने आधी हात धुतले आणि मग तो घेतला. म्हातारबुवांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “हा कपाळावरचा वण इतका स्पष्ट कसा आला?” तो वण १९७८ सालचा होता, गेटवर झालेल्या मारहाणीचा. समोरून मारलेल्या फ्लॅशने तो पुसला गेला असता. मग त्या वणाची सगळी हकिगत निघाली, आणि ती आम्ही लिहून घेतली आहे.

असे फोटो काढताना विचारून काढावेत, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. तान्ह्या मुलाच्या अगदी डोळ्यांजवळ फ्लॅश नेऊ नये. रात्री रस्त्यावर गाडी चालविणाऱ्याच्या तोंडावर तर मुळीच मारू नये. नदीकाठच्या पाखरांना घरट्यावर असताना फ्लॅश दाखवू नये, ती पिले सोडून उडतात. कारखान्याच्या आत फोटो काढायचा तर परवानगी लागते. परवानगीवाचून काढणाऱ्या पोराची नोकरी जाते आणि मग ते आमच्याकडेच येते.

अध्यक्ष महाशय घड्याळाकडे पाहू लागले आहेत. येथे टेबलावर दोन संच ठेवले आहेत, एक तारेचा आणि एक २.४ चा, आणि आमच्या पोरांपैकी दोघे उभे आहेत. ज्यांनी आपले कॅमेरे आणले असतील त्यांनी खाली उतरून पुढे यावे. खाचेत मधला बिंदू आहे की नाही ते येथेच पाहून घेता येईल. मागच्या बाजूचे दिवे कोणी तरी मालवा, म्हणजे बाजूचा उजेड कसा पडतो तेही दाखविता येईल.